मातृभाषेचा रकाना

२०११ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. नांदेडला देगलूर नाक्याकडे आमचे घर. भर दुपारी खांद्याला पिशवी अडकवून जनगणनेचे गुरुजी आले. कुठल्याशा शाळेत शिकवणारे, उन्हाने थकलेले, स्वभावाने भले गृहस्थ. आम्ही खुर्ची दिली, पाणी दिले. नाव, वय, लग्न, शिक्षण असे एकेक विचारत ते रकाने भरत होते. एका ठिकाणी मात्र त्यांनी मान वर न करताच काहीतरी लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. आमच्या धाकट्या भावाने वाकून पाहिले.

"गुरुजी, इथं काय लिहिलंत?"

"मातृभाषा. उर्दू. बरोबर आहे ना?"

"विचारलं तर असतंत! मी पहिलीपासून मराठी शाळेत शिकलो. माझ्यापुढं मराठी लिहा."

ओसरीवर बसलेले चाचा लगेच म्हणाले, "उर्दूच राहू द्या गुरुजी. आकडा कमी झाला की शाळा बंद पाडायला निमित्त मिळतं." आणि आतून, गॅसपाशी उभी असलेली अम्मी म्हणाली, "अरे, मैं बोलतूं वो लिखो ना. मेरेकू ना उर्दू लिखना आता, ना मराठी."

सगळे हसले. गुरुजीही हसले. त्यांनी भावाच्या नावापुढे मराठी केले, बाकीच्यांचे उर्दू तसेच ठेवले. म्हणजे एकाच आईच्या दोन मुलांच्या मातृभाषा सरकारी कागदावर दोन झाल्या आणि त्या आईची स्वतःची भाषा कुठेच लिहिली गेली नाही. आम्ही तिथेच बसलो होतो आणि काही बोललो नाही.

आज अम्मी नाही. कोरोनामुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. आता तिची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिवस ठरला आहे. पुन्हा कोणीतरी दाराशी येणार. यावेळी कागदाऐवजी हातात मोबाइल असेल, पण आम्हांला ती दुपार आठवल्याखेरीज राहणार नाही. त्या दुपारी आम्ही काय म्हणायला हवे होते? प्रश्न वरवर भाषेचा दिसतो. आम्हांला तो इमानाचा वाटतो. आपल्याबद्दल कोणी विचारले तर माणसाने जे आहे ते सांगावे, जे फायद्याचे आहे ते सांगावे, की ज्याने आपण 'इथलेच' ठरतो ते सांगावे?

उत्तराकडे वळण्याआधी आपला मुलूख कसा आहे ते पाहू. नांदेड आणि लातूर हे मराठवाड्याच्या आग्नेय कडेचे जिल्हे. २०११ मध्ये नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची सुमारे २४ लाख ५४ हजार होती. नांदेडमध्ये साधारण चारांत तिघांनी आणि लातूरमध्ये पाचांत चौघांनी मातृभाषा मराठी सांगितली. दोन्हीकडे शंभरात चौदा-पंधरा मुसलमान. एवढ्यावरून कोणी म्हणेल, मराठी मुलूख, त्यात थोडे उर्दूवाले, झाले. पण गावोगाव फिरणाऱ्याला हे चित्र पुरत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजारात मराठी बोलता बोलता माणूस तेलुगूत शिरतो. उदगीर, निलंग्याकडे बीदर जवळ, तिथे कन्नड घरात आहे, सोयरिकीत आहे. मुखेड, किनवट, माहूरच्या तांड्यांवर लमाणी चालते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड आहेत, कोलाम आहेत. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या भोवती राहणारे दख्खनी शीख आहेत. महाराजा रणजितसिंगांच्या काळात पंजाबातून निजामाच्या मुलखात आलेल्या फौजेतल्यांचे हे वंशज घरात पंजाबी, बाजारात मराठी आणि दोस्तांत आपली दखनी अशा तिन्ही भाषा सहज बोलतात. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. तिथल्या दुकानात तासभर बसावे. गिऱ्हाईक कोणत्या गावचे, ते तोंड उघडल्यावर कळते. दुकानदार मात्र गिऱ्हाइकागणिक बोली बदलतो आणि बदलल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही.

या मुलखाच्या सीमा भाषेच्या मोजणीवरच आखल्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी म्हणून इकडे आले. आदिलाबादचा किनवट तालुका इकडे आला. नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ, भैंसा, कुबेर या मंडळांचा आणि देगलूरच्या बिचकुंदा-जुक्कलचा भाग आंध्रात गेला. तालुक्यात कोणती भाषा जास्त, हे पाहून गावे वाटली गेली. तेलुगूला, कन्नडला, मराठीला असे तालुके मिळाले. उर्दूला मिळाला नाही. लमाणीलाही नाही. जी भाषा सगळीकडे थोडी थोडी असते तिच्या वाट्याला सीमा येत नाही, फक्त रकाना येतो. त्या रकान्यावर आपल्या माणसांचा एवढा जीव का, ते इथे थोडे कळते. आणि सीमा आखून झाल्यावरही माणसे भाषेपुरतीच जगतात असे नाही. २०१८ साली धर्माबाद-बिलोलीकडच्या काही गावांनी तेलंगणात जाण्याची मागणी केली, ती तेलुगूच्या प्रेमाने नव्हे. तिकडे शेतकऱ्याला पैसे आणि पाणी मिळते म्हणून.

आता अम्मीच्या बोलीकडे येऊ. ती जे बोलत होती त्याला आमच्याकडे कोणी नाव देत नाही. 'हमारी बोली' म्हणतात, 'मुसलमानी' म्हणतात, फार तर 'दखनी'. तिच्यात 'नक्को' आहे, तो मराठीतला 'नको'. तिच्यात 'इधरीच', 'मैंच', 'अब्बीच' आहेत. त्या शब्दांच्या शेपटीचा 'च' अस्सल मराठीचा आहे, दिल्ली-लखनौच्या उर्दूत तो सापडायचा नाही. 'कायकू' आहे, 'हौ' आहे. ही बोली उर्दूची बिघडलेली धाकटी बहीण आहे असे आपण ऐकत आलो. वयाने ती मोठी आहे. गोवळकोंडा आणि विजापूरच्या दरबारांत दखनीत काव्य होत होते तेव्हा दिल्लीत फारसीची सद्दी होती. अठराव्या शतकाच्या आरंभी वली औरंगाबादींचे काव्य दिल्लीला पोचले आणि तिकडच्या शायरांना आपल्या बोलीत लिहिण्याची हिंमत आली. ज्या बोलीने उत्तरेला वाट दाखवली ती आज नांदेडच्या मुशायऱ्यात हसण्यावारी जाते. आम्हीच एकदा अशाच बैठकीत दोन शब्द बोलायला उभे राहिलो, तर पहिल्या 'नक्को'लाच मागून हशा आला. आणि दुसरीकडे, एका मराठी कार्यक्रमात आमचे भाषण झाल्यावर एक सद्गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "मुसलमान असून किती छान मराठी बोलता हो!" दोन्ही ठिकाणी आम्ही पाहुणेच ठरलो.

मोठ्या माणसाला असले सोसते. पहिलीतल्या पोराला नाही. ते पोर घरून 'मेरेकू नक्को' घेऊन शाळेत जाते. उर्दू शाळेतल्या बाई सांगतात, ही उर्दू नव्हे. मराठी शाळेतले गुरुजी सांगतात, हे मराठी नव्हे. आईने शिकवलेले पहिले वाक्यच दोन्हीकडे चूक ठरते. हे पोर कोणत्या बोलीतून येते हे शाळा चालवणाऱ्याला ठाऊक नसते, कारण मोजणीच्या वेळी आम्ही ते सांगितलेले नसते. रकान्यातल्या एका शब्दाची किंमत अशी सहा वर्षांच्या मुलाला मोजावी लागते.

जनगणनेची व्याख्या मात्र अगदी साधी आहे. लहानपणी आई ज्या भाषेत तुमच्याशी बोलली ती तुमची मातृभाषा. आई लहानपणीच गेली असेल तर त्या वेळी घरात जी भाषा प्रामुख्याने बोलली जात होती ती. शिक्षण कोणत्या भाषेत झाले, धर्मग्रंथ कोणत्या लिपीत वाचता, हे विचारलेले नाही. सांगणाऱ्याने सांगावे आणि लिहिणाऱ्याने तसेच लिहावे, असा नियम आहे. त्या अर्थी गुरुजींनी विचारण्याआधीच लिहिले ही चूक, भावाने शाळेची भाषा सांगितली ही चूक, आणि चाचांनी फायद्याची सांगितली हीही चूक. प्रश्नाला धरून उत्तर एकट्या अम्मीने दिले होते.

पण चाचा आणि भाऊ यांना चूक म्हणून सोडून देणे सोपे नाही. दोघांच्या बोलण्यामागे या मातीतला इतिहास उभा आहे.

निजामाच्या राज्यात साधारण निम्मी प्रजा तेलुगू, पाव मराठी, उरलेल्यांत कन्नड आणि उर्दू बोलणारे दहा-बारा टक्क्यांच्या घरात. तरी कचेरी उर्दूत, न्याय उर्दूत, आणि १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूत. देशी भाषेत विज्ञान आणि वैद्यक शिकवण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे खरेच. पण औशाच्या किंवा कंधारच्या कुणब्याला आपल्याच गावच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत होता, हेही खरेच. हा अन्याय आपण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की त्या उर्दूचा लाभ गावच्या अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजाऱ्याला झाला नव्हता. त्यालाही तो कागद वाचता येत नव्हता. राज्य त्याच्या नावाने चालले, त्याच्यासाठी नव्हे.

मग रझाकार आले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा. लातूरच्या मुसलमानाला हे नाव अजून कोणी ना कोणी ऐकवतेच. पण त्याच उर्दूत रझाकारांविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर मारला गेला, हे नाव कोणी ऐकवत नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर जे घडले त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी झाल्याचे नोंदवले. एकूण मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. आजचे लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. तो अहवाल लोकांपुढे यायला २०१३ साल उजाडले. या सगळ्यानंतर मातृभाषा कोणती हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीला निर्मळ मनाने ऐकू येणे शक्य नव्हते. कोणी घाबरून मराठी सांगितली असेल, कोणी जिद्दीने उर्दू. दोघांनाही दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

तेव्हा चाचांचे म्हणणे नीट ऐकू. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा असे सूत्र ठरवले होते. चाचांची भीती हवेतली नाही. तरी एक गोष्ट ते विसरतात. हे सूत्र मुले मोजते, म्हाताऱ्यांचे रकाने नव्हे. शाळा पटसंख्येवर चालते. आणि पट का घटतो? आम्ही जनगणनेत अभिमानाने उर्दू लिहितो आणि जूनमध्ये पोराचे बोट धरून त्याला इंग्रजी शाळेत सोडून येतो. इंग्रजी शाळेत घालू नये असे आमचे म्हणणे नाही, आमचीही मुले तिथेच शिकली. पण मग उर्दूसाठी आम्ही नेमके काय केले? रकान्यात एक शब्द लिहिला, ज्याला काही खर्च येत नाही. जिथे खर्च येत होता तिथे आम्ही नव्हतो.

भावाचे म्हणणेही ऐकू. मराठी आमची नाही तर कोणाची? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, शहा मुनींनी 'सिद्धांतबोध' लिहिला. बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी आपला आवाज खर्ची घातला. महानुभाव वाङ्मयाचा पसारा उलगडून दाखवण्यात यू. म. पठाणांचे आयुष्य गेले. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते काही कोणाची परवानगी मागून नव्हे. लातूर जिल्ह्यातल्या कित्येक खेड्यांत मुलाण्याच्या, आताराच्या घरी आई मुलाशी मराठीच बोलते. तिच्या मुलाने मराठी लिहिणे हेच खरे, आणि त्याला 'जबान विसरलास' म्हणून टोचणाऱ्याने आपली जीभ आवरावी. पण आमची आई त्या घरातली नव्हती. भावाने मराठी लिहायला लावले ते आईमुळे नव्हे. 'आम्ही इथलेच' हे सिद्ध करण्याची घाई त्याला झाली होती. मराठीवरचे त्याचे प्रेम खरे आहे. पण प्रेमाचा पुरावा म्हणून आईची बोली खोडावी लागत असेल, तर तो पुरावा मागणाऱ्याचेच काहीतरी चुकते आहे.

ही अडचण एकट्या मराठवाड्याची नाही. युरोपात बेल्जियम म्हणून छोटा देश आहे. त्याच्या दक्षिणेला वालोनी हा फ्रेंच बोलणारा मुलूख, उत्तरेला डच बोलणारा. लांबून पाहणाऱ्याला वालोनी म्हणजे फ्रेंच एवढेच दिसते. जवळ गेले की कळते, तिथल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या घरची बोली वालून होती. पूर्वेच्या कडेला जर्मन बोलणारी गावे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या खाणींत इटलीहून मजूर आले, पुढे मोरोक्को आणि तुर्कस्तानातून आले. मोजणीत मात्र वालून बोलणारा फ्रेंचमध्येच धरला जाई, जसा आमच्याकडे दखनी बोलणारा उर्दूत. तिथेही गावचा कारभार कोणत्या भाषेत चालावा हे मोजणीच्या आकड्यावर ठरू लागले. मग लोक काय बोलतात ते सांगण्याऐवजी कोणत्या बाजूचे आहेत ते सांगू लागले. मोजणीचे मतदान झाले. १९४७ च्या मोजणीवरून एवढा कलह माजला की १९६१ मध्ये कायदा करून त्यांनी जनगणनेतला भाषेचा प्रश्नच काढून टाकला आणि पुढच्या दोन वर्षांत भाषेची सीमा कायमची आखून टाकली. आपल्याकडे पंजाबात तेच झाले. घरी पंजाबी बोलणाऱ्या लाखो हिंदूंनी मातृभाषा हिंदी लिहवली. १९५१ मध्ये तर तिथल्या भाषांचे आकडे वेगळे काढणेच सोडून द्यावे लागले. आईची भाषा आईच्या हयातीत नाकारली गेली, आणि ती कोणी परक्याने नव्हे, मुलांनी नाकारली.

भारताने बेल्जियमसारखा प्रश्न काढून टाकला नाही. आमच्या मते ते बरे झाले. प्रश्न काढला की भांडण मिटते, पण अम्मीही मिटते. मात्र विचारूनही ऐकायचे नाही, अशी एक तऱ्हा आपल्याकडे आहे. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली नावे १९,५६९ होती. त्यांची छाननी करून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्यांतून अखेरच्या यादीत १२१ भाषा उरल्या. त्या १२१ मध्ये दखनी नाही. तांड्यावरच्या लमाणीची गतही अशीच. देशभरात ३२ लाखांहून अधिक लोकांनी ती सांगितली, तरी अखेरच्या हिशेबात ती हिंदीच्या पोटात गेली. मग कोणी म्हणेल, दखनी सांगून उपयोग काय? ती कुठल्या तरी मोठ्या नावाखाली जाणारच. त्यापेक्षा आपणच उर्दू सांगून आकडा वाढवलेला काय वाईट?

आमचे उत्तर असे आहे. जनगणनेला दिलेले उत्तर ही एक गवाही आहे. गवाहीबद्दल आपल्याला जी शिकवण मिळाली ती स्पष्ट आहे. स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध जाणारी असली तरी साक्ष खरी द्यावी, हे सूरह निसामध्ये आपण लहानपणापासून वाचतो. तिथे 'समाजाचा आकडा वाढत असेल तर सोडून' अशी सवलत दिलेली नाही. साक्षीदाराचे काम खरे सांगून संपते. पुढे त्या साक्षीचे कोणी काय केले, ती कोणत्या गठ्ठ्यात बांधली, याचा जाब त्याला द्यावा लागेल. पण आम्हीच आधी गठ्ठा बांधून दिला तर त्याला जाब विचारायचा कोणत्या तोंडाने? आणि माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाची निशाणी आहे असे सूरह रूममध्ये येते. निशाणी मोठ्या दरबारी भाषांतच असते आणि गॅसपाशी उभ्या असलेल्या बाईच्या बोलीत नसते, असे मानायला काही आधार नाही.

यावर चाचांसारखा माणूस म्हणेल, खरे बोलण्याची चैन त्यांना परवडते ज्यांचे काही जात नाही. ही गोष्ट आम्ही हलकी मानत नाही. महाराष्ट्रात २०११ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान होते आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. देशातही २००१ पेक्षा २०११ मध्ये उर्दूवाल्यांचा आकडा घटला, ५ कोटी १५ लाखांवरून ५ कोटी ७ लाखांवर. दखनीवाले उद्या वेगळे झाले तर तो आणखी घटेल. पण फुगवलेल्या आकड्याने उर्दू जगली असती तर ती एव्हाना बहरली असती. तिला वाचणारे हवेत, वर्गणी भरणारे हवेत, तिच्या शाळेत मूल घालणारे हवेत. अम्मीला उर्दू वाचता येत नव्हती. तिचे नाव उर्दूच्या खात्यावर टाकून उर्दूला एकही वाचक मिळाला नाही, आणि दखनीची एक बोलणारी मात्र कागदावरून गेली.

त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असतो, त्याकडे आपण लक्षच देत नाही. मातृभाषेखेरीज आणखी कोणत्या दोन भाषा येतात, असे तिथे विचारतात. आमच्या गुरुजींनी घाईत तो प्रश्न कोणालाच विचारला नाही आणि आम्हीही त्यांना आठवण दिली नाही. खरे तर आम्हांला हाच रकाना जास्त मोलाचा वाटू लागला आहे. मातृभाषा निवडता येत नाही. तिच्यात आपली कर्तबगारी नाही आणि गुन्हाही नाही. दुसरी भाषा माणूस शिकतो, शेजाऱ्यासाठी शिकतो, पोटासाठी शिकतो. तिथे त्याची स्वतःची निवड असते. भावाच्या मराठीची खरी जागा तिथे होती, आणि आमच्या उर्दूचीही. अम्मीच्या नावापुढे तिथे मराठी आणि तेलुगू लागले असते. तिचे माहेर देगलूरकडचे; भाजीवालीशी ती तेलुगूत असा भाव करायची की आम्ही बघत राहायचो.

हा दुसरा रकाना आमच्या शेजाऱ्यांनाही काही विचारतो. मराठवाड्यातली जुनी पिढी, हैदराबाद मुक्तिलढ्यात उतरलेलीसुद्धा, उर्दू वाचत होती. त्यांच्या मुलांनी ती सोडली. राज्यकर्त्याची भाषा म्हणून सोडली हे समजण्यासारखे आहे. पण २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातले दस्त बाहेर निघाले, उर्दूतले, फारसीतले, मोडीतले; आणि ते वाचणारी माणसे शोधावी लागली. २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय तर हैदराबाद गॅझेटियरच्याच आधाराने निघाला. ज्या लिपीकडे इतकी वर्षे 'त्यांची' म्हणून पाठ फिरवली, तिच्यात मराठ्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे सुखरूप होती. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असण्याला घेतलेली हरकत फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती त्या प्रदेशातल्या लोकांची असते, असे त्या निकालात म्हटले आहे. ही गोष्ट उर्दूला लागू आहे तशीच मराठीलाही लागू आहे, हे आपल्यातल्यांनीही लक्षात ठेवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या किती मोहल्ल्यांत कोणाला आनंद झाला, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारून पाहिला.

आम्ही हे सगळे भावाशी बोललो. त्याला पटले नाही. तो म्हणतो, दखनी लिहिली तर दोन्हीकडचे हसतील, कुठलाच फायदा नाही आणि वर 'आता हे नवीन काय' म्हणून लोक संशय घेतील. त्याचे म्हणणे खोटे नाही. खरे उत्तर देणाऱ्याला थोडा एकटेपणा येतोच. चाचा आता थकले आहेत. ते एवढेच म्हणाले, "तुझी आई होती, तूच ठरव."

तर आम्ही ठरवले आहे. गणनेला येणाऱ्या माणसाला आधी पाणी देऊ. मातृभाषेचा प्रश्न आला की दखनी म्हणू. ते बहुधा विचारतील, "म्हणजे उर्दूच ना?" त्यांचे दिवसभराचे काम, त्यात आम्ही अडथळा, हे आम्हांला कळते. तरीही म्हणू, नाही, आमची अम्मी जे बोलायची ते लिहा, द-ख-नी. आणि मग त्यांनी विचारले नाही तरी आठवण देऊ, की साहेब, पुढचा रकाना राहिला. त्यात मराठी लिहा आणि उर्दू लिहा.

भावाचा रकाना तो भरेल. तिथे आम्ही बोलणार नाही. पण गेल्या वेळी अम्मी आतून बोलली तेव्हा आम्ही हसलो होतो. यावेळी तसे होऊ द्यायचे नाही, एवढे मात्र आमच्या हातात आहे.